नऊ थरांच्या छत्रीखाली

पुणे, ८ जानेवारी २०२४

चि. ईशानी,

आशीर्वाद घे आणि लगेच पेनही घे. आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं कुलमंडळाने ठरवलंय आणि संपादनाचं घोंगडं पुन्हा माझ्याच गळ्यात आलंय. पहिली निघाली तेव्हा तू शाळेत होतीस. त्यात तुझ्या नावापुढे 'शिक्षण चालू' एवढंच आहे. आता तिशी गाठलीस, जरा भर घाल.

नियम जुनाच आहे. प्रत्येकाने आपली माहिती स्वहस्ते, मराठीत लिहून पाठवायची. व्हॉट्सॅप चालणार नाही, टाइप केलेलं तर नाहीच नाही. दर मे महिन्यात तुला ओसरीवर बसवून मी शुद्धलेखन घालत होते, ते काय दुबईत बसून इमोजी पाठवण्यासाठी? तुमच्या अल कुसैसच्या रफिकभाईंकडे पत्र दे. ते सुक्या मेव्याच्या व्यापारासाठी महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला येतात आणि न चुकता माझ्याकडे चहा पितात.

तुझ्या बापाला फोन केला होता. "तिचं तिलाच विचार," म्हणाला आणि चक्क हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. शैलेंद्र माझा धाकटा भाऊ आहे. तो हवापाण्यावर आला की काहीतरी शिजतंय हे मला तो चड्डीत होता तेव्हापासून कळतं. काय ते लिही.

तुझी आत्या

*

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार, आणि हा खरोखरचा साष्टांग समज, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आडवं पडूनच सांगण्यासारखं आहे.

मी लग्न केलं. डिसेंबरात, अबूधाबीच्या सिव्हिल कोर्टात. आई-बाबा होते. तुला कळवू नका म्हणून मीच त्यांना शपथ घातली होती. तू रागावशील याची भीती नव्हती गं. तू गप्प बसशील याची होती.

तो बँकॉकचा आहे. आमच्याच ऑफिसात आर्किटेक्ट. त्यांच्यात प्रत्येकाला एक लांबलचक नाव असतं आणि एक घरातलं छोटं. याचं घरातलं नाव तोन, म्हणजे त्यांच्या भाषेत झाड. हसू नकोस. वंशवृक्ष काढणाऱ्या बाईला झाड नावाचा जावई मिळाला, हे मलाही सुचून गेलंय.

तो फार हळू बोलतो. पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलला तेव्हा वाटलं, एसीचाच आवाज आहे. संध्याकाळी आम्ही खाली तळ्याभोवती फिरतो. टॉवरचे दिवे पाण्यात पडतात आणि तो त्यांच्याकडे बघत त्याच्या आजोबांच्या गोष्टी सांगतो. त्या ऐकताना मी झोपेत चालल्यासारखी चालते. मागच्या आठवड्यात एका डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरला धडकणार होते.

आणखी एक, तुझ्या रकान्यांसाठी. तोन थायलंडच्या राजघराण्यातला आहे, चक्री वंशातला. म्हणजे थोडासा. ते नंतर सविस्तर लिहीन.

तुझी, क्षमा केलीस तर,
ईशानी

*

पुणे, २४ फेब्रुवारी २०२४

चि. ईशानी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी म्हटलं, इतकं गप्प बसून तरी दाखवायचं कुणाला, घरात मी एकटीच. तेव्हा राग खलास, तुमच्या भाषेत. लग्नाला बोलावलं नाहीस ते मात्र मी मरेपर्यंत ऐकवणार आहे, तयारी ठेव.

पण अगं मुली! राजघराणं हे असं पत्राच्या शेपटाला लिहायची गोष्ट आहे? मी लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं आणली. राजांची नावं काय, तर पहिला राम, दुसरा राम, तिसरा राम. जुन्या राजधानीचं नाव अयोध्येवरून. खुणेला चक्र आणि त्रिशूळ. राजाच्या डोक्यावर नऊ थरांचं पांढरं छत्र, आणि शब्दही आपलाच, छत्र! हे तर आपल्यातलेच निघाले की. जावयाच्या गोत्राच्या रकान्यात मी पेन्सिलीने 'सूर्यवंश' असं लिहूनही टाकलंय आणि नावामागे 'राजपुत्र'.

मंडळाच्या बैठकीत सहज सांगितलं. सहज म्हणजे तीनदा. ज्या वहिनी मला 'ईशानीचं काही जमतंय का' असं चेहरा पाडून विचारायच्या, त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली.

त्या छत्राचं स्वप्नही पडलं बघ. एकावर एक नऊ पांढऱ्या छत्र्या, वर वर लहान होत गेलेल्या, आणि वारा नसताना हलणाऱ्या. खाली कोण उभं होतं ते दिसलं नाही. आता सविस्तर लिही.

आत्या

*

जुमेरा लेक टॉवर्स
२१ एप्रिल २०२४

प्रिय आत्या,

आधी ते 'राजपुत्र' खोडरबराने पूस. सूर्यवंशसुद्धा. नाहीतर वहिनींना खुर्ची परत द्यावी लागेल.

थांब, नीट सांगते. उशीर का झाला तेही यातच येईल.

तोनचे वडील त्यांच्या नववर्षासाठी बँकॉकहून आले होते. त्यांच्यात या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतायचं आणि आशीर्वाद घ्यायचा. मी रफिकभाईंच्या दुकानाशेजारच्या फुलवाल्याकडून मोगऱ्याचे गजरे आणले, पाण्यात सोडले आणि त्यांच्या हातांवर ते पाणी ओतलं. ते डोळे मिटून बसले होते. वाटलं, हा माणूस हजार वर्षं असाच बसलेला असेल.

दुसऱ्याच दिवशी दुबईत तो पाऊस आला, टीव्हीवर पाहिला असशील. तळं आणि रस्ता एक झाले. गाड्या तरंगत होत्या, बाबांच्या बेसमेंटमध्ये गळ्याएवढं पाणी. विमानं बंद, म्हणून सासऱ्यांचं जाणं लांबलं. लिफ्ट बंद, वीज गेलेली, आणि आम्ही तिघं बाल्कनीत बसून खाली बघतोय. ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे राजाच्या सोनेरी नावा नदीतून जातात तेव्हा असंच शांत होतं." खालून एक पिवळी टॅक्सी एकटीच वाहत गेली. आम्ही तिच्याकडे राजाची नाव असल्यासारखं बघत राहिलो.

त्या अंधारात त्यांनी मला घराण्याची रीत सांगितली. ऐक हं. त्यांच्याकडे राजवंश खाली उतरत जातो. तोनचे पणजोबा राजाचे पुत्र, मोठे राजकुमार. त्यांचा मुलगा 'मोम चाओ', म्हणजे शेवटचा मोजला जाणारा राजकुमार. त्यांचा मुलगा म्हणजे माझे सासरे, 'मोम राजवोंग'. हा आपला राजवंशच, पण आता राजकुमार नाही, नुसती पदवी. त्यांचा मुलगा तोन, 'मोम लुआंग', सगळ्यात खालची. आणि तोनच्या मुलांना काहीच नाही. सामान्य माणसं. आडनावामागे 'अयोध्येचे' अशा अर्थाचं एक शेपूट जोडता येतं, बस. आणि हे सगळं फक्त बापाकडून. आईकडून काही येत नाही.

पहिला राजासुद्धा आधी सेनापती होता. 'चक्री' ही त्याची हुद्द्याची पदवी.

मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "राजाच्या घरात जन्मणं फार उंचावर असतं. आम्ही पोराला पाच पिढ्यांत हळूहळू जमिनीवर आणतो. झोपलेलं मूल कडेवरून खाली ठेवतात, तसं. धक्का लागू नये."

आत्या, तेव्हा मला रडू आलं आणि त्यांना कारण कळलं नाही, तुला कळेल. मला दिवस गेलेत. तोनच्या झाडात आमचं मूल शेवटच्या पायरीवरून खाली उतरणार. आणि आपल्या कुलवृत्तांतात 'कन्या ईशानी, पती अमुक' आणि पुढे पूर्णविराम. मुलींची मुलं तुम्ही लिहीत नाही. म्हणजे दोन्ही झाडांवरून ते एकाच वेळी गळणार.

मला ते तुझ्या पुस्तकात हवंय. माझ्या नावाखाली एक ओळ. लिहिशील?

ईशानी

*

पुणे, १२ मे २०२४

चि. ईशानी,

पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. डिंकाचे लाडू रफिकभाईंबरोबर पाठवतेय. ते डबा उघडून बघतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा डबा दिलाय. आईला सांग, पपई घरात आणायची नाही.

तुझ्या सासऱ्यांची रीत वाचून मला आधी हसू आलं. सेनापतीचा हुद्दा आणि त्याचं झालं घराणं, म्हणजे आपल्या पेशव्यांसारखंच की! फक्त पेशवे खाली उतरायचे विसरले. मग ती झोपलेल्या मुलाची उपमा वाचली आणि हसू थांबलं. शहाणा माणूस आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

आता तुझ्या मागणीचं. होणार नाही, बाळा.

अगं, हा काही माझा हट्ट नाही. मुलींच्या शाखा लिहायला घेतल्या तर पुस्तक कुठे थांबवणार? तुझं लिहिलं की नाशिकची शाखा येईल, मग इंदूरची. पहिल्या आवृत्तीत मी एकीचंही लिहिलं नाही. कुणाकुणाच्या तोंडावर नाही म्हटलंय मी. माझ्या भाचीसाठी नियम मोडला तर लोक म्हणतील, घरचं कार्य म्हणून हात सैल सुटला.

तुझं पान सुंदर करीन. लग्नाचा फोटो पाठव.

काल पुन्हा ते छत्र दिसलं. थर एक एक करून गळत होते, पिकल्या पानांसारखे, आवाज न करता. शेवटी काठीच उरली. खाली उन्हात एक लहान मूल होतं. मी हाक मारणार, तर जाग आली.

आत्या

*

जुमेरा लेक टॉवर्स
२९ मे २०२४

आत्या,

लाडू पोचले. फोटो पाठवत नाही.

हजारो लोकांची नावं तू लिहितेस. मद्रासला पळून गेलेला कुठलातरी चुलत-चुलत आजोबा, ज्याचं कुणी तोंडही पाहिलं नाही, त्याला तुझ्या पुस्तकात अर्धं पान आहे. आणि माझ्या मुलाला एक ओळ नाही. पोटच्या पोराचं नाव घरच्या पुस्तकात नसणं म्हणजे काय, हे तुला काय कळणार? तुझे नियम तुला लखलाभ.

माझं पानच काढून टाक.

ईशानी

*

अल कुसैस (आईकडे आलेय)
१४ जुलै २०२४

प्रिय आत्या,

रफिकभाई जूनमध्ये तुझ्याकडे येऊन गेले. रिकाम्या हाताने परतले. म्हणाले, "चाचीने चाय पिलाया, पर कुछ बोली नहीं." मी ज्याला सगळ्यात घाबरत होते तेच झालं. तू गप्प बसलीस.

मागचं पत्र मी कुणाला न दाखवता पाठवलं होतं. परवा त्यात काय लिहिलं ते आईला सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. ती भाजी निवडत होती. हातातली मेथी तशीच धरून म्हणाली, "ईशू, आत्याच्या निनादला विसरलीस?"

आत्या, मी विसरले नव्हते. मला तो आठवतो. मला खांद्यावर बसवून अंगणभर पळायचा आणि "राणीसरकार, वाकून बसा, फांदी आली" म्हणायचा. तो कॉलेजात असताना तापाने गेला तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही, फक्त त्या सुट्टीत खांद्यावर बसवायला कुणी नव्हतं. पण तो तुझ्या पुस्तकात नाही हे मला कधी जाणवलंच नाही. मी पुस्तकात तुझं पान काढून बघितलं. 'कन्या', तुझं नाव, काकांचं नाव, पूर्णविराम.

तू स्वतःच्या हाताने तो पूर्णविराम दिलास, आणि मी तुला विचारते, तुला काय कळणार. माझी जीभ झडो. ओळ नको, पान नको, काही नको. फक्त चार शब्द लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझी ईशू

*

पुणे, ३ सप्टेंबर २०२४

चि. ईशू,

जीभ झडो वगैरे अभद्र लिहू नकोस, पोटात मूल आहे.

मी रागावले नव्हते. तुझं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते. इतक्या वर्षांत माझ्यापाशी हे कुणी बोललंच नव्हतं, भांडून का होईना. निनादचं नाव निघालं की लोक आवाज खाली घेतात. तू आरडाओरडा केलास. मला बरं वाटलं, खरंच सांगते.

तो गेल्यावर मी कुलवृत्तांताचं काम मागून घेतलं. हाताला काहीतरी हवं होतं. सकाळी बसायची आणि लोकांची मुलं लिहायची. याला दोन मुलगे, त्याला तीन. माझं पान आलं तेव्हा नियमाप्रमाणे लिहिलं आणि पुढे गेले. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या घराण्याचा वृत्तांत कुणी केलाच नाही. म्हणजे तोही दोन्ही झाडांवर नाही. मला वाटायचं, बरंच झालं. लिहिलं असतं तर त्याच्या नावामागे 'कै.' लिहावं लागलं असतं, आणि तेवढं माझ्या हातून झालं नसतं. नियमाच्या आड लपले होते मी, दुसरं काय.

तुझ्या सासऱ्यांचं वाक्य मनातून जात नाही. त्यांच्याकडे पोराला खाली ठेवायला पाच पिढ्या मिळतात. माझं एका रात्रीत कडेवरून गेलं. आणि मी हात तसेच धरून बसले, उचलल्यासारखे. मग परवा ते स्वप्न पुरं झालं. छत्राचे सगळे थर गळाले, काठी उरली, आणि ती काठी निनादने धरली होती. साधी काळी छत्री, तीच, जी तो कधी न्यायचा नाही म्हणून मी ओरडायची. खाली ते मूल. तो म्हणाला, "आई, मी धरलीय ना, तू कशाला उन्हात उभी?" मी म्हटलं, पोहे करते. जागी झाले तेव्हा खरंच भूक लागली होती.

रविवारी मंडळाच्या बैठकीत विषय मांडला. मुलींची मुलं घ्यावीत. जे वाटलं होतं तेच झालं. एकही हात वर आला नाही. वहिनींनी खुर्ची परत नेली असं समज. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पुढच्या आवृत्तीत बघू." पुढच्या आवृत्तीला मी असणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

पण मी हरलेली नाही. विचार करतेय. तू जेव.

आत्या

*

पुणे, २७ ऑक्टोबर २०२४

चि. ईशू,

सापडलं!

पुस्तक बांधायला जाणार, शेवटचं पान प्रेसमधून तपासायला आलं. प्रत्येक कुलवृत्तांताच्या शेवटी एक पान असतं, 'संपादिकेचा परिचय'. त्यावर मंडळ काही बोलत नाही, ते वाचतही नाही. संपादकाने स्वतःविषयी काय लिहावं याला कसलाही नियम नाही. मागच्या वेळी मी तिथे माझ्या पदव्या लिहिल्या होत्या. शुंभासारखं.

या वेळी लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"संपादिका निनादची आई आहे. निनाद हसरा होता, त्याला गणित येत नसे आणि तो छत्री वापरत नसे. संपादिका ईशानीची आत्या आहे. ईशानी आणि तिचे पती तोन दुबईस राहतात. तोन यांच्या घराण्यात राजे होऊन गेले आणि ते हळूहळू, न दुखावता, माणसांत आले. त्यांच्या अपत्याचे नाव ______. संपादिका त्याची आजी आहे. याखेरीज संपादिकेचा परिचय नाही."

'कै.' मात्र लिहिलं नाही. परिचयात कुणी कै. लिहीत नाही.

रिकामी जागा मोजून ठेवली आहे, फार लांब नाव ठेवू नका. आणि नियम म्हणजे नियम. माहिती स्वहस्ते हवी. प्रेसवाला रोज फोन करून डोकं खातोय.

आत्या

*

जुमेरा लेक टॉवर्स
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी-आत्या,

अक्षर वाकडं आहे, कारण एका हाताने लिहितेय. दुसऱ्यावर ती झोपली आहे. सासरे आले आहेत. तिला खाली ठेवायचं काम ते आम्हाला करू देत नाहीत, म्हणतात याची सवय आमच्या घराण्याला आहे. खिडकीतून तळं दिसतंय आणि ते तिला काहीतरी गुणगुणतायत, शब्द कळत नाहीत, पण मलाही झोप येतेय. रफिकभाई आज रात्रीच्या विमानाने निघतायत, खाली गाडीत थांबलेत, सारखे "यल्ला, बेटा, जल्दी" म्हणतायत. म्हणून थोडक्यात.

माहिती, स्वहस्ते:

नाव: मिहिका.
जन्म: दुबई.
आई: ईशानी. वडील: तोन.
पदवी: नाही.
आजी: तू.
मामा: निनाद.

ईशू